मोटारसायकलीवरून मावळ

पुण्यांतल्या कित्येक घरांत पावसाळ्याच्या आरंभीं शनिवारच्या रात्रीं एक ठरलेला संवाद ऐकूं येतो. जेवणें आटोपत असतां चिरंजीव हळूच विषय काढतात, "आई, उद्यां पहांटे आम्ही मोटारसायकलीवरून लोणावळ्यास जाऊन येतों." आई म्हणते, "नको रे बाबा, पावसाचे दिवस आहेत." वडील मात्र नाहीं म्हणत नाहींत, ते एवढेंच विचारतात, "कोणत्या रस्त्यानें जाणार, आणि परत केव्हां फिरणार?" या दोन साध्या प्रश्नांपुढें चिरंजीव निरुत्तर होतात. बरोबर कोण येणार तें ठरलेलें असतें, छायाचित्रें कोठें काढावयाचीं तेंही ठरलेलें असतें. रस्ता आणि परतीची वेळ या दोन गोष्टी तेवढ्या दैवावर सोडलेल्या असतात. वास्तविक सहलीचा बेत म्हणजे या दोन प्रश्नांचीं नीट विचार करून दिलेलीं उत्तरेंच होत.

आईची भीति निराधार आहे असें कोणी समजूं नये. ३० जून २०२४ रोजीं, रविवारीं, लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वरच्या अंगास असलेल्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलें होतीं. वर्ष पुरें होतें न होतें तोंच १५ जून २०२५ रोजीं, पुनः रविवारींच, तळेगांवाजवळ कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांची दाटी झाली असतां कोसळला व चार जण प्राणास मुकले. त्या अरुंद पुलावर दुचाक्याही नेलेल्या होत्या, असें प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनीं सांगितलें. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, या दोहोंपैकीं एकही अपघात भरधांव वाहनाचा नव्हे. दोन्ही ठिकाणीं माणसें प्रवास थांबवून पाण्याची शोभा पाहत होतीं. तेव्हां बेत आखतांना रस्त्याइतकाच थांबण्याच्या जागांचाही विचार केला पाहिजे, हा पहिला धडा.

आतां रस्त्याकडे वळावें. मावळ हें नांव सूर्य मावळण्याच्या दिशेवरून पडलें असें सांगतात. या प्रदेशाचा नकाशा समजून घेण्यास नद्यांसारखा दुसरा वाटाड्या नाहीं. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे, पंजाच्या बोटांप्रमाणें, डोंगरांच्या सोंडा निघाल्या आहेत, आणि दोन सोंडांच्या मधून एक एक नदी पूर्वेकडे वाहते. आंद्रा नदीचें खोरें तें अंदर मावळ. त्याच्या खालीं नाणे मावळ. मध्यें इंद्रायणीचें रुंद खोरें, ज्यांतून लोहमार्ग व जुना मुंबई-पुणें हमरस्ता जातो. आणि त्याच्या दक्षिणेस पवनेचें खोरें तें पवन मावळ. एवढें मनांत ठसलें म्हणजे कोणता रस्ता सोपा व कोणता अवघड हें नकाशावरून घरींच कळूं लागतें. खोऱ्याच्या लांबीनें, नदीच्या सोबतीनें जाणारा रस्ता सौम्य असतो; एका खोऱ्यांतून दुसऱ्या खोऱ्यांत उतरणाऱ्या रस्त्यास मधली सोंड ओलांडावी लागते, आणि चढ, वळणें, धुकें व दरडी यांची गांठ तेथेंच पडते.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, पुण्याहून लोणावळ्यास जातांना मोठा घाट चढावा लागतो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच, आणि लोणावळें सुमारें ६२० मीटर. पासष्ट किलोमीटरांच्या वाटेंत निव्वळ चढ तो काय साठ मीटरांचा! खरा घाट लोणावळ्याच्या पलीकडे आहे. खंडाळ्याहून खोपोलीस उतरतांना थोडक्या अंतरांत सुमारें पांचशे मीटर खालीं यावें लागतें. हाच बोरघाट. त्यांतून चाकाच्या गाड्या नेण्याजोगी सडक १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं खुली केली. पुढें १८५८ साली पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली, मुंबईकडून ती खोपोलीपर्यंत आली, पण मधला कडा तसाच उभा होता. तेव्हां उतारूंना खोपोलीस उतरून पालखींतून किंवा तट्टांवरून घाट ओलांडावा लागे, व वर येऊन दुसरी गाडी धरावी लागे. १८६३ साली घाटांतील लोहमार्ग पुरा झाला, तेव्हां ही यातायात संपली. आजच्या स्वारास हा इतिहास ठाऊक असावा तो एवढ्याकरितां कीं, ज्या कड्यानें आगगाडीला पांच वर्षें थोपवून धरिलें, त्याच्याशीं एका सकाळींत थट्टा करूं नये. पहिल्याच सहलींत बोरघाट उतरण्याचें कारण नाहीं. मावळांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे.

२००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकी वाहनांस मनाई आहे. दूरध्वनीवरील नकाशा सहसा मोटारगाडीचा रस्ता दाखवितो, व नवखा स्वार भलत्याच फांट्यावर येऊन उभा राहतो. म्हणून निघण्यापूर्वींच त्या नकाशावर दुचाकीची खूण निवडावी, आणि शिवाय गांवांचीं नांवें क्रमानें एका कागदावर लिहून खिशांत ठेवावीं. डोंगरांच्या आड दूरध्वनि मुका होतो, कागद होत नाहीं.

एका दिवसांत सुखानें होईल असा एक फेरा पुढीलप्रमाणें आहे. पुण्याहून जुन्या हमरस्त्यानें निगडी, देहूरोड, तळेगांव, वडगांव, कामशेत, कार्ला या क्रमानें लोणावळें गांठावें. तेथून भुशी धरणावरून लायन्स पॉइंटकडे जाणारा रस्ता धरून घुसळखांबाच्या फांट्यास यावें. उजव्या अंगास कोरीगड व आंबवण्याकडचा रस्ता राहतो. आपण डावीकडे वळून तुंग किल्ल्याच्या पायथ्याकडे उतरावें. मग पवना धरणाच्या जलाशयास वळसा घालीत मोरवे, तिकोनापेठ या गांवांवरून पवनानगर, तेथून बेडसे लेण्यांजवळून कामशेत, आणि पुनः हमरस्त्यानें पुणें. एकंदर अंतर सुमारें एकशें सत्तर किलोमीटर भरतें.

हाच फेरा उलट दिशेनेंही करतां येईल. पण तसें करूं नये, याला तीन कारणें आहेत. एक, लोणावळ्यास सकाळीं आठाच्या आंत पोंचलें म्हणजे रविवारची गर्दी जमण्यापूर्वीं भुशीचा रस्ता मागें पडतो. पावसाळ्यांत सुटीच्या दिवशीं दुपारनंतर तो वाहनांनीं तुंबतो, आणि कित्येकदां पोलिसांना वाहनें अडवावीं लागतात. दुसरें, सकाळीं पश्चिमेकडे जातांना सूर्य पाठीशीं राहतो आणि दुपारीं पूर्वेकडे परततांनाही तो पाठीशींच राहतो. डोळ्यांवर ऊन येत नाहीं. मात्र पाठीमागचा सूर्य समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर असतो, त्याला आपण दिसत नाहीं, हें विसरूं नये. २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा दिवसाही पेटता राहतो, त्याचें एक कारण हेंच. जुनी गाडी असेल तर दिवा आपण होऊन लावावा. तिसरें, डोंगरांतला अवघड भाग सकाळच्या ताज्या अंगानें पार पडतो, आणि थकव्याच्या वेळीं सरळ हमरस्ता वाट्यास येतो.

आतां वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर. त्यास त्रैराशिकापलीकडे गणित लागत नाहीं. हमरस्त्याचे सुमारें ११५ किलोमीटर ताशीं पस्तीसच्या सरासरीनें धरले तर सव्वातीन तास होतात. आंतल्या रस्त्याचे ५५ किलोमीटर ताशीं वीसनें धरले तर पावणेतीन तास. एकूण सहा तास. त्यांत चहा, जेवण, एक लेणें किंवा एक किल्ला, आणि पाऊस आल्यास आडोसा, यांसाठीं चार तास घालावे. सकाळीं सहाला निघालेला माणूस दुपारीं चारला घरीं येतो. डिसेंबरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे चुकामूक झाली, चाक पंक्चर झालें, तरी दोन तास हातीं राहतात. या हिशेबांतून जी वेळ निघते तिला परत फिरण्याची वेळ म्हणावें. दुपारीं एक वाजला आणि तुंग अजून पुढेंच असला, तर तेथूनच लोणावळ्याकडे मागें वळावें. आल्प्स पर्वतांतल्या उंच खिंडींच्या तोंडाशीं हिमवृष्टीच्या दिवसांत अडसर टाकून रस्ता बंद करतात; प्रवाशाला विचार करावा लागत नाहीं. सह्याद्रींत बहुतेक ठिकाणीं असा अडसर नाहीं. तो प्रत्येकानें आपल्या घड्याळांत घालून घ्यावयाचा असतो.

एका दिवसांत सर्व कांहीं पाहण्याचा हव्यासही टाळावा. कार्ल्याचें चैत्यगृह हिंदुस्थानांतील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठें आहे. भाजें येथील लेणीं त्याहूनही जुनीं, इसवी सनापूर्वींचीं. बेडसे लेणें लहान पण निवांत. लोहगड किल्ल्यास जुलै २०२५ मध्यें इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला. यांपैकीं एका खेपेस एकच निवडावें. जड बूट व अंगांत जाड जाकीट घालून दोन किल्ले चढलेला स्वार परततांना गाडीवर डुलक्या घेतो.

ऋतु कोणता निवडावा? पुण्यास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यास तोच ४,००० मिलिमीटरांहून अधिक. एवढ्याशा अंतरांत हा फरक पडण्याचें कारण असें कीं, समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्यास आदळून वर चढतात, थंड होतात व आपलें पाणी धारेवरच रितें करतात. पुण्याकडे पोंचेपर्यंत त्यांजपाशीं फारसें उरत नाहीं. म्हणून पुण्याच्या गच्चीवरून आभाळ पाहून लोणावळ्याचा अंदाज बांधणें व्यर्थ आहे. १९८९ साली जुलैच्या मुसळधार पावसांत याच भाजें गांवीं दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. जुलै व ऑगस्टचे ऐन पावसाचे आठवडे नवख्यानें सोडून द्यावे. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून रस्ते कोरडे होऊं लागतात, उतारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, भातखाचरें पोटऱ्यांत आलेलीं असतात, आणि धबधबेही अद्याप आटलेले नसतात. मावळ पाहण्याचा खरा हंगाम हाच.

तरी पाऊस गांठणार नाहीं असें कोणीच सांगूं शकत नाहीं. अशा वेळीं काय बदलतें हें आंकड्यांनीं समजून घ्यावें. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसासही एखादा सेकंद लागतो. ताशीं ४० किलोमीटर वेगानें तेवढ्यांत गाडी ११ मीटर पुढें जाते. मग ब्रेक लागून कोरड्या रस्त्यावर आणखी ९ मीटर. एकूण २० मीटर. वेग ६० केला तर हेंच अंतर सुमारें ३७ मीटर होतें. वेग दीडपट झाला, पण ब्रेक लागल्यानंतरचें अंतर सव्वादोन पट झालें; कारण तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. आतां रस्ता ओला झाला व टायरची पकड निम्म्याच्या जवळपास आली असें धरल्यास, ४० च्या वेगास सुमारें २७ मीटर आणि ६० च्या वेगास ५२ मीटर लागतात. धुक्यांत तीस मीटरांपलीकडचें दिसत नसेल, तर ६० च्या वेगानें जाणारा स्वार अक्षरशः डोळे मिटून चालला आहे. नियम सोपा आहे: जेवढें दिसतें तेवढ्यांत थांबतां आलें पाहिजे. पहिल्या सरीच्या वेळीं तर अधिकच जपावें; रस्त्यावरचें तेल व धूळ पाण्यांत कालवून निसरडा थर होतो, तो धुऊन जाण्यास कांहीं वेळ लागतो.

वळणांचें शास्त्रही याच पकडीवर उभें आहे. टायरची पकड ही जणूं एक ठराविक रकमेची पुंजी आहे. ती वळण्यांत खर्च करावी किंवा थांबण्यांत. वाकलेल्या गाडीस वळणाच्या मध्यें जोरानें ब्रेक लावणारा दोन्हीकडे खर्च करूं पाहतो, आणि त्याचें दिवाळें निघतें. म्हणून वेग वळणापूर्वीं, गाडी सरळ असतांना कमी करावा, व वळणांतून एकसारख्या वेगानें बाहेर पडावें. ब्रेक लावतांना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळें थांबविण्याचें काम मुख्यतः पुढचाच ब्रेक करतो. मात्र तो हिसका देऊन न दाबतां हळूहळू दाबीत न्यावा, आणि मागचा त्याच्या जोडीस ठेवावा. लांब उतारावर केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होऊं लागतात. अशा ठिकाणीं ज्या गिअरमध्यें तो उतार चढून यावा लागला असता त्याच गिअरमध्यें उतरावें. इंजिनच गाडीला रोखून धरतें. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वांचविणारा काटकसरी नव्हे, अविचारी होय. अरुंद घाटरस्त्यावर चढून येणाऱ्या वाहनास आधीं वाट द्यावी, असा नियमच आहे. कारण चढावर थांबलेलें वाहन पुनः हलविणें अधिक कठीण.

गाडीची तपासणी आदल्या दिवशीं सायंकाळींच करावी. टायरांची हवा थंड असतांना मोजावी. मागें माणूस बसणार असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत त्यासाठीं दिलेला दाब ठेवावा. साखळीचा ताण, दोन्ही ब्रेक, दिवे व भोंगा पाहावा. टांकी पूर्ण भरावी. लोणावळें सोडल्यावर आंतल्या रस्त्यांवर पंपाचा भरंवसा धरूं नये. परवाना, विम्याचा व प्रदूषण-तपासणीचा दाखला जवळ असावा. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाप्रमाणें चार वर्षांवरील प्रत्येकास, मग तो चालविणारा असो कीं मागें बसणारा, हेल्मेट आवश्यक आहे. चार वर्षांखालील मूल नेतांना त्याला चालकाशीं बांधणारा पट्टा व त्याच्या मापाचें हेल्मेट लागतें, आणि वेग ताशीं ४० किलोमीटरांच्या आंत ठेवावा लागतो, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. नियम काय आहे तें जाणून घ्यावें. परंतु एवढ्या लहान मुलास डोंगरांत दिवसभर दुचाकीवर नेऊंच नये, हें सांगण्यास कायद्याची गरज नाहीं. मागें बसणाऱ्या मंडळींनींही पदराचें वा ओढणीचें टोंक चाकाकडे सुटणार नाहीं अशी काळजी घ्यावी.

पाण्याजवळचे नियम थोडके आहेत. धबधब्यांत उतरण्यापूर्वीं वर डोंगरावर काय चाललें आहे तें पाहावें. खालीं ऊन असतांना वर पडलेली एक जोरदार सर कांहीं मिनिटांत ओढ्याचें रूप पालटते. पाणी गढूळ झालें, त्यांतून पालापाचोळा येऊं लागला, आवाज वाढला, कीं क्षणाचाही विलंब न करतां बाहेर पडावें. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर तें ओलांडूं नये. खालची सडक शाबूत आहे कीं नाहीं हें वरून दिसत नाहीं. पुलावर गर्दी असेल तर आपण तेथें भर घालूं नये. जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होतात. ते निघण्यापूर्वीं वाचावे. अडचण आलीच तर ११२ हा आपत्काळाचा व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. लोणावळ्यास शिवदुर्ग मित्र नांवाचें स्वयंसेवकांचें पथक संकटांत सांपडलेल्यांस डोंगरदऱ्यांतून सोडविण्याचें काम करतें; त्या पथकास काम पडूं न देणें हाच त्याचा खरा गौरव.

एक दिवसाचा फेरा अंगवळणीं पडल्यावर दोन दिवसांचा बेत आखावा. घुसळखांबाहून कोरीगड, आंबवणें, भांबुर्डें या वाटेनें ताम्हिणीकडे जातां येतें. तेथील अरण्य २०१३ पासून अभयारण्य आहे. उत्तरेस भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालचें. आपल्या राज्याचा मानचिन्ह-प्राणी जो शेकरू, त्याचें तें घर. मावळाच्या जवळपास राष्ट्रीय उद्यान मात्र नाहीं. सह्याद्रीच्या बाजूचीं राष्ट्रीय उद्यानें म्हणजे मुंबईनजीकचें बोरिवलीचें व दक्षिणेकडील चांदोलीचें. अभयारण्यांतून जातांना सडक सोडून दुचाकी आंत घालूं नये, भोंगा वाजवूं नये, आणि अंधार पडण्यापूर्वीं जंगल ओलांडावें; रात्रीं रस्ता प्राण्यांचा असतो.

शेवटीं, ज्यांच्या दारावरून हा रस्ता जातो त्यांचें स्मरण ठेवावें. पवनेच्या जलाशयाखालीं येथील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. पिंपरी-चिंचवडच्या नळास येणारें पाणी तेथलेंच. ज्या बांधावर गाडी उभी करून छायाचित्र घेतलें जातें तो कोणाच्या तरी इंद्रायणी भाताच्या खाचराचा बांध असतो. तो तुडवूं नये, बाटल्या टाकूं नयेत, गांवांतून जातांना इंजिनाचा गडगडाट करूं नये. गांवांतल्या घरगुती खाणावळींत पिठलें-भाकरी खाल्ली तर पोटही भरतें आणि चार पैसे त्या घरांत राहतात. शिवाय पुढें दरड आली आहे काय, ओढा उतरला आहे काय, हें तेथील म्हाताऱ्या माणसाइतकें अचूक दुसरा कोणी सांगत नाहीं.

इतका विचार केलेला मुलगा शनिवारीं रात्रीं जेवतांना म्हणेल, "जुन्या रस्त्यानें लोणावळें, तेथून तुंगावरून पवनानगर, दुपारीं एकपर्यंत तुंग ओलांडलें नाहीं तर मागें वळूं, चारला घरीं." आणि गांवांच्या नांवांच्या त्या कागदाची एक प्रत तो वडिलांपाशीं ठेवील. आईची काळजी तेवढ्यानें सरणार नाहीं. ती सरतही नसते. पण काळजीस आतां एक रस्ता व एक वेळ मिळालेली असते, आणि चारच्या सुमारास फाटक वाजलें म्हणजे पुढच्या खेपेस परवानगी मागण्याचें कामही निम्मेंच उरतें.